केळे भिंतीला आणि कांदा मातीला

ता. २० नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी एका लिलावात एक केळे विकले गेले. केळे साधेच, खाण्याचे. ते चिकटपट्टीने भिंतीला चिकटविलेले होते. त्याची किंमत दलालीसह ६२ लाख डॉलरांवर गेली. आपल्या हिशेबाने सुमारे ५२ कोटी रुपये. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या कानी ही बातमी त्या वेळी गेली, त्यांतल्या काहींनी ती थाप समजून सोडून दिली असेल, आणि बाकीच्यांनी 'मोठ्या लोकांना वेड लागले' म्हणून मान हलविली असेल. आमचे म्हणणे असे की, ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. बातमी खरी आहे आणि वेडही कोणास लागलेले नाही. यात एक थट्टा आहे. ती कोणी केली, कोणाची केली आणि तिचा पैसा कोणाच्या पेटीत गेला, हे शेतकऱ्याने व कारागिराने नीट पाहिले पाहिजे. लिलाव, दलाली, कागद आणि भाव या चारही गोष्टी ज्याच्या रोजच्या जिवावरच्या आहेत, त्याला हा खेळ लवकर कळेल.

या केळ्याचा कर्ता मॉरिझिओ कॅटेलान नावाचा इटलीचा कलावंत. बाप मालमोटार हाकणारा, आई लोकांकडे झाडलोट करणारी. म्हणजे कुळ कष्टकऱ्याचेच. २०१९ च्या डिसेंबरात मायामी येथील चित्रांच्या बाजारात त्याने हे केळे प्रथम मांडले. त्याच्या तीन प्रती काढल्या व प्रत्येकीला १ लाख २० हजार डॉलर व त्याहून अधिक भाव लावला. वस्तूचे नाव ठेविले 'कॉमेडियन'. आपल्या तमाशाच्या भाषेत सोंगाड्या! तेथेच दुसऱ्या एका कलावंताने सर्वांसमक्ष ते केळे काढून खाल्ले. मालकांचे काय नुकसान झाले? काही नाही. त्यांनी दुसरे केळे आणून लाविले. पुढे २०२३ साली कोरियात सोल येथील संग्रहालयात एका विद्यार्थ्याने ते खाल्ले व भूक लागली होती असे सरळ सांगितले. तेव्हाही दुसरे केळे लागले.

आता मौज पाहा. केळे नासते, बदलते, कोणी खातो. मग ५२ कोटींना विकले काय? विकला गेला एक कागद. त्या कागदावर ही वस्तू अस्सल असल्याचा दाखला असतो, आणि केळे जमिनीपासून किती उंचीवर, कसे चिकटवावे व नासल्यावर कसे बदलावे याच्या सूचना असतात. म्हणजे शेत नाही, विहीर नाही, पीक नाही. नुसता सातबारा विकला! ज्याने तो घेतला तो आभासी चलनाचा व्यापारी. त्याने नऊ दिवसांनी हाँगकाँगमध्ये वार्ताहर जमवून ते केळे खाल्ले. खाऊनही त्याच्या मालमत्तेला धक्का लागला नाही. कागद त्याच्या तिजोरीत शाबूत.

या कथेत आणखी एक माणूस आहे. लिलावाच्या दिवशीचे केळे लिलावघराबाहेरच्या एका फळगाडीवरून आणले होते, ३५ सेंटांना, म्हणजे तीसेक रुपयांना. गाडीवर उभा होता तो बांगलादेशातून पोटासाठी तिकडे गेलेला, तासाच्या मजुरीवर राबणारा एक म्हातारा. आपण विकलेल्या केळ्याचे पुढे काय झाले हे वार्ताहराकडून कळताच तो रडला. सोंगाड्याच्या या खेळात हसले सगळे. रडला तेवढा फळवाला. आमच्या वाचकांस त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. मोसंबीची गाडी बाजारात उभी करून, दलालाच्या रुमालाखाली काय ठरते याची वाट पाहत बसणारा मनुष्य आमच्या तालुक्यात घरोघर आहे.

तर मग ही कला खोटी, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसे आम्ही म्हणत नाही. कलेतील या उफराट्या थट्टेचा जन्म कसा झाला ते आधी पाहिले पाहिजे.

१९१६ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरी काही तरुण कवी व चित्रकार एका खाणावळवजा नाट्यगृहात जमले. युरोपात महायुद्ध पेटलेले. ज्या विद्वानांनी, धर्मगुरूंनी व प्रधानांनी जगाला शहाणपण शिकवावयाचे, तेच लाखो तरुणांना खंदकांत मारीत होते. हे तरुण म्हणाले, शहाण्यांचे शहाणपण जर हे, तर आम्ही वेडेच बरे. त्यांच्यातला एक अंगावर पुठ्ठ्याचा झगा व डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी घालून अर्थ नसलेल्या शब्दांची कविता म्हणू लागला. या पंथाने आपले नाव ठेविले 'दादा'. आपल्या दादाचा याच्याशी संबंध नाही. पण योगायोग बरा जमला, कारण थोरला भाऊ चुकला की घरात भांडी आपटावीच लागतात. वाचकहो, त्याच वर्षी इराकात कुत-अल-अमारा येथे पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तीत मराठा पलटणी होत्या. घोड्यांचे मांस खाऊन दिवस काढण्याची पाळी आली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. कुणब्याचे पोर ज्या लढाईशी काही देणे-घेणे नाही त्या लढाईत उपाशी मरत होते. आता सांगा, झुरिचच्या कवीची कविता अर्थहीन, की ती लढाई?

दुसऱ्या वर्षी, १९१७ साली, न्यूयॉर्कमध्ये कलावंतांच्या एका मंडळाने जाहीर केले की, सहा डॉलर भरील त्याची कलाकृती आमच्या प्रदर्शनात मांडली जाईल. निवड-नकार काही नाही. मार्सेल द्युशाँ हा फ्रेंच चित्रकार त्याच मंडळाचा कारभारी. त्याने दुकानातून पुरुषांच्या मुतारीचे चिनी मातीचे भांडे आणविले, आडवे ठेविले, त्यावर 'आर. मट' अशी भलत्याच नावाची सही केली, सहा डॉलर भरले व ते 'कारंजे' या नावाने पाठवून दिले. झाले! सर्वांस दार उघडे म्हणणाऱ्यांनी भांडे प्रदर्शनाबाहेर ठेविले. द्युशाँने राजीनामा दिला. 'सर्वांना प्रवेश' अशी पाटी लावावयाची आणि माणूस उंबऱ्यापाशी आला की अडवावयाचे, ही रीत आपल्या लोकांनी देवळांपासून पाणवठ्यापर्यंत किती पाहिली आहे! मुतारीच्या भांड्याने ती रीत उघडी पाडली. ही थट्टा आम्ही चोख मानतो.

पण पुढे काय झाले? मूळ भांडे हरवले. कीर्ती वाढली तशा कर्त्याच्या संमतीने १९६४ साली त्याच्या प्रती करण्यात आल्या, आणि त्यांतली एक १९९९ मध्ये लिलावात १७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेली. ज्या थट्टेने पुजाऱ्यांची फजिती केली, तिचीच मूर्ती करून नवे पुजारी गाभाऱ्यात बसले. आता त्या भांड्यापुढे लोक मान खाली घालून उभे राहतात, आणि ज्यास हसू येईल त्यास अडाणी म्हणतात. ज्या कुंभारकामगारांनी ते पहिले भांडे घडविले, भाजले व चकचकीत केले, त्यांचे नाव मात्र कोठे नाही. भिंतीवरचे केळे हे या नव्या गाभाऱ्यातले ताजे दैवत. कॅटेलानने दलालांची थट्टा केली हे खरे. पण दलालांनीच ती विकत घेतली, आणि मजेत खाऊनही टाकली. ज्या थट्टेतून दलालासच नफा होतो, तिचे दात पडलेले असतात.

आता कोणी म्हणेल, 'मास्तर, हे साहेबलोकांचे खेळ. अंबडच्या शेतकऱ्याला याचे काय?' त्यास आमचे उत्तर असे की, उफराटे बोलून सरळ अर्थ सांगण्याची ही विद्या आपल्याकडे झुरिचच्या कित्येक शतके आधीची आहे. काट्याच्या टोकावर गावे वसविणारे आणि हात नसलेल्या कुंभाराकडून मडकी घडवून घेणारे कूट अभंग आमच्या भजनी मंडळांत आजही टाळ-मृदंगावर म्हटले जातात. म्हणणाऱ्याला कोणी 'वेडा' म्हणत नाही; रात्रभर त्याचा अर्थ लावीत बसतात. आमच्याजवळच्या पैठणात सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचिली. विंचू चावलेला, मुका, बहिरा, जोशी, गोंधळी, वासुदेव अशी नाना सोंगे त्यांत आली. गल्लीत लोक पोट धरून हसत आणि हसता हसता अहंकाराच्या विंचवाची नांगी ओळखीत. आमच्या अंबडास मत्स्योदरीची टेकडी आहे. आमच्या म्हाताऱ्यांना त्या टेकडीत मासा दिसला आणि देवीस तेच नाव पडले. टेकडीत मासा पाहणाऱ्या लोकांना कलेतले काही कळत नाही, असे ज्यास म्हणावयाचे असेल त्याने एकदा पायथ्याशी उभे राहून म्हणावे.

तमाशातील सोंगाड्याचे काम पाहा. वगात राजा येतो, प्रधान येतो, आणि सोंगाड्या शिपायाच्या नाहीतर हवालदाराच्या वेषात राजाच्या प्रत्येक हुकुमाचा उलटा अर्थ लावतो. हुकूम मूर्खपणाचा असला की तो आज्ञाधारकपणे पाळून दाखविला म्हणजे त्याचा मूर्खपणा आपोआप बाहेर येतो, हे कसब त्याला कोणत्या विद्यापीठाने शिकविले? बहुरूप्याचेही तसेच. खाकी कपडे चढवून, वही-पेन्सिल घेऊन तो दारात येतो आणि तुमच्या कोंबडीवर, तुमच्या जात्यावर, तुमच्या घोरण्यावर खटला भरतो. गाव हसते, पण त्या हसण्यात खऱ्या जमादाराचा हिशेब चुकता होतो.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. हे सोंगाडे, हे बहुरूपी, हे डोंबारी बहुतेक गावकुसाबाहेरचे. रात्री गाव त्यांच्या विनोदावर लोळून हसले आणि सकाळी त्यांनाच पाणवठ्यावर दूर उभे केले. ज्याच्याबरोबर हसावयाचे त्याच्याबरोबर बसावयाचे नाही, ही थट्टा गावाने कलावंताची केली. ती अर्थहीनांतली सर्वांत अर्थहीन होय. याचा दोष साहेबावर किंवा शेटजीवर टाकता येणार नाही.

थट्टेला योग्य जागी उभे कसे करावे, हे आपल्या लोकांत ज्याने पहिल्याने दाखविले ते जोतीराव फुले. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. त्यात एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून त्या भोळ्या जोडप्याला खर्चात पाडतो. जुन्या संस्कृत नाटकांत विदूषक असे, पण तो राजाचा सोबती. खादाड, पाटावरच्या लाडवांवर विनोद करणारा. जोतीरावांनी त्याची जागा बदलली. त्यांचा विदूषक जोशी व कुणबी यांच्या मध्ये उभा राहून प्रेक्षकांस सांगतो की, बघा, ही लबाडी कशी चालली आहे. हसता हसता कुणबी शहाणा होतो आणि शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत जावयाचे ठरवितात. हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे गेले व नापसंत झाले. छापून लोकांपुढे येण्यास त्यास १९७९ साल उजाडावे लागले. एका विदूषकाची एवढी भीती! ज्या थट्टेला छपाईसाठी १२४ वर्षे थांबावे लागते तिचे दात शाबूत आहेत, असे समजावे. पुढे सत्यशोधक जलशांनी व नंतर आंबेडकरी जलशांनी हाच धडा ढोलकीवर गावोगाव नेला.

यावरून आम्ही थट्टेची एक साधी पारख सांगतो. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. कलेतली थट्टा पुढे आली की तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हसे कोणाचे होते. वरच्याचे की खालच्याचे? दुसरी, थट्टा करणारा काही पणाला लावतो की त्याची झोळी आधीच भरलेली आहे? तिसरी, हसून झाल्यावर आपल्याला पूर्वी न दिसलेले काही दिसू लागते काय? मुतारीचे भांडे या पारखेस १९१७ साली उतरले. भिंतीवरचे केळे तिसऱ्या कसोटीस उतरते, दुसरीस नाही. जोतीरावांचा विदूषक तिन्हींस उतरतो.

आजच्या मराठी कलावंतांतही या पारखेस उतरणारे आहेत. आपल्यापर्यंत त्यांची नावे येत नाहीत एवढेच. मुंबईचे तुषार जोग हे त्यांपैकी एक. त्यांनी सरकारी बांधकाम खात्याच्या थाटाचे 'युनिसेल' नावाचे खाते एकट्याने काढले आणि शहराच्या मोठमोठ्या योजनांची नक्कल मांडली. 'मुंबईचे शांघाय करू' अशी पुढाऱ्यांची घोषणा तेव्हा गाजत होती. जोग म्हणाले, बरे तर, जाऊन पाहू! २०१० साली ते बुलेट मोटारसायकलवर मुंबईहून निघाले आणि ५३ दिवसांत शांघायला पोहोचले. वाट मुद्दाम धरली ती नर्मदेवरील सरदार सरोवर आणि चीनमधील थ्री गॉर्जेस या दोन धरणांवरून. पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावणारा एक म्हातारा सरदार स्पेनच्या जुन्या कादंबरीत आहे. त्याच्या मरतुकड्या घोड्याचे रोसिनान्टे हे नाव जोगांनी आपल्या गाडीला दिले. शांघायच्या प्रदर्शनात पोहोचून त्यांनी ती गाडी खोलून सुटी केली. यात हसावयाचे काय, असे कोणी विचारील. ज्या विकासासाठी गावेच्या गावे पाण्याखाली घालविली, तो विकास पाहावयास हा गृहस्थ मोटारसायकलवर निघाला, आणि शेवटी हातात उरले सुटे भाग! जायकवाडीच्या जलाशयात ज्यांची घरे, वावरे व देवळे गेली त्यांच्या मुलानातवंडांना ही थट्टा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कालव्याचे पाणी आमच्या तालुक्यास मिळाले हे खरे. ते कोणाच्या घरावरून आले हेही खरे. जोग २०१८ साली वारले.

दुसरे प्रभाकर पाचपुते. जन्म १९८६, गाव चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती. गाव कोळशाच्या खाणींचे, घरची माणसे खाणीत राबलेली. हा कलावंत कोळशानेच भिंतीच्या भिंती रंगवितो. त्याच्या चित्रांत माणसाचे धड असते आणि डोक्याच्या जागी दिवा किंवा यंत्र. पहिल्याने पोरे हसतात. मग लक्षात येते की खाणमालकाला मजुराचा दिवा हवा होता, हात हवे होते. डोके त्याने कधी मागितलेच नव्हते. चित्रकाराने मालकाचीच इच्छा प्रामाणिकपणे कागदावर काढली. सोंगाड्या राजाचा हुकूम पाळतो तो असाच.

पण सर्वांत मोठे कलावंत आमच्या मते प्रदर्शनात भेटत नाहीत. डिसेंबर २०१८ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याच्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १ हजार ६४ रुपये मिळाले. त्याने वर ५४ रुपये मनिऑर्डरचा खर्च सोसून ते सगळे पंतप्रधानांच्या मदतनिधीस पाठवून दिले. एक शिवी नाही, एक दगड नाही. चार महिन्यांची मेहनत त्याने सरकारास दान केली! ती मनिऑर्डर परत आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. भाव किलोस एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता हाती राहिले २ रुपये ४९ पैसे. त्याला २ रुपयांचा धनादेश मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. केळ्याचा कागद ५२ कोटींचा आणि कांद्याचा कागद २ रुपयांचा. दोन्ही कागद शेजारी शेजारी भिंतीला चिकटवावेत आणि खाली नाव लिहावे 'सोंगाड्या'. याहून मोठे प्रदर्शन जगात होणार नाही.

त्याच वर्षी ३१ मार्चला आमच्या शेजारच्या फुलंब्री पंचायत समितीसमोर गेवराई पायगा गावच्या सरपंचाने गळ्यात नोटांची माळ घालून दोन लाखांच्या नोटा उधळल्या. शेतकऱ्यांच्या विहिरींची मंजुरी देण्यासाठी लाच मागतात, असा त्याचा आरोप होता. घ्या तर मग, म्हणून त्याने भर रस्त्यात दिली! गैरहजर साहेबाच्या रिकाम्या खुर्चीस हार घालणे, निर्लज्ज कचेरीस बेशरमाचे झाड भेट देणे, रस्त्याच्या खड्ड्यांत रोपे लावणे, हे आपल्याकडे गावोगाव चालते. परदेशात यास कलेचा एक प्रकार मानतात, त्यावर पुस्तके लिहितात, विद्यापीठांत शिकवितात. आपल्याकडे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात: 'ग्रामस्थांचे अनोखे आंदोलन'. ज्याला बोलावयाची सोय नाही, ज्याचा अर्ज कोणी वाचत नाही, तो शेवटी सोंग घेतो. आणि अर्ज न वाचणाऱ्यालाही सोंग पाहावे लागते. त्या सोंगाचे सामर्थ्य हे आहे.

मग आमची तक्रार कोणाबद्दल? आमची तक्रार अशी की, ज्या लोकांची ही विद्या, त्यांचीच मुले तिला लाजू लागली आहेत. आणि ही लाज आपण शाळेतच लावीत आहो. मराठी नाटक-सिनेमात खेडवळ बोलणारा मनुष्य आला की समजावे आता हशा होणार. विनोद काय केला हे पाहावयाची गरज नाही. 'व्हय' आणि 'न्हाई' एवढाच विनोद. वर्गात पोरगा 'मी गेल्तो' म्हणाला की पहिले बाक हसते, त्याचे पाहून दुसरे हसते, आणि तो पोरगा वर्षभर तोंड मिटून बसतो. ही खालच्याची थट्टा होय. पहिल्याच कसोटीत नापास. दुसरीकडे त्याच पोराला शहरात नेऊन चित्रांच्या दालनात उभे केले, तर तो न समजलेल्या चित्रापुढे हात बांधून गप्प राहतो. 'हे काय आहे?' असे विचारण्याची त्याची छाती होत नाही. स्वतःच्या बोलीची लाज आणि दुसऱ्याच्या भपक्याचा धाक, या दोन दोऱ्यांनी बांधलेला मनुष्य कोणीही बाजारात उभा करून विकावा.

आम्हा मास्तरांना अध्यापक विद्यालयात चित्रकला शिकविली ती आंबा, घागर आणि डोंगरामागचा सूर्य काढण्यापुरती. तीच आम्ही पुढे देतो. इयत्ता कोणतीही असो, सूर्य दोन डोंगरांच्या मध्येच उगवतो. एखाद्या मुलीने बापाच्या डोक्याच्या जागी पाण्याची मोटार काढली, तर आम्ही तिला 'नीट काढ' म्हणून पान फाडावयास लावू. उद्या तिने तसेच मोठ्या शहरात काढले, तर लोक तिकीट काढून पाहावयास येतील!

सोंग ओळखण्याची शक्ती गेली की काय होते, तेही आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, ही मुले पळविणारी टोळी आहे अशा अफवेवरून, जमावाने ठार मारले. पूर्वी झोळीवाला आला की म्हातारी माणसे त्याचा पंथ, त्याचे गाव, त्याचे गाणे ओळखीत. आता मोबाइलवरची खोटी बातमी आपल्याला खरी वाटते आणि दारातला खरा मनुष्य सोंग वाटतो. पारख करण्याची सवय गेली, म्हणून रक्त सांडले.

यासाठी आमच्या सूचना मोठ्या नाहीत, खर्चाच्याही नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यांवर नाच होतात ते होवोत. पण एक सोंग, एक भारूड मुलांनी आपल्या बोलीत स्वतः रचलेले असावे, आणि त्यात हसे दुबळ्याचे न होता मुजोराचे व्हावे. वर्षातून एकदा बहुरूप्याला किंवा जुन्या सोंगाड्याला शाळेत बोलवावे. भिकेकरी म्हणून नव्हे, गुरुजी म्हणून. आणि त्यास खुर्ची, चहा व बिदागी सर्वांदेखत द्यावी. मुलाने विचित्र चित्र काढले तर फाडण्याआधी 'हे असे का काढलेस?' एवढे विचारावे. ज्या घरात चित्राची आवड असलेले पोर असेल त्यांनी त्याला चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षांना बसवावे. सास्तीच्या खाणकामगारांच्या घरातून कलावंत निघतो, तर अंबडच्या सुताराच्या, कुंभाराच्या, मोसंबीवाल्याच्या घरातून का निघू नये? आणि न कळलेल्या कलेपुढे उभे राहण्याचा प्रसंग आला तर बंधूंनो, भगिनींनो, मान खाली घालू नका. मोठ्याने विचारा: हे काय आहे, कोणाला हसता, भाव कोणी लावला? अस्सल सोंगाड्या त्या प्रश्नाने खूश होईल. रागावला तर तो दलाल समजावा.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. बारा-पंधरा वर्षांची झाडे लोकांनी स्वतःच्या हातांनी तोडून सरपणास दिली. तेव्हा कोणी एक वाळकी मोसंबी चिकटपट्टीने कचेरीच्या भिंतीला लाविली असती, तर लिलाव झाला नसता. फार तर चपराशाने काढून टाकली असती. तरी दुसऱ्या दिवशी दुसरी लावता आली असती, तिसऱ्या दिवशी तिसरी. आपल्याकडे वाळक्या मोसंब्यांची वाण नव्हती.

— एक शाळामास्तर, अंबड